दोन्ही पायांवर

खांब सरळ उभा राहीना. दादाने आधी खांबाला नावं ठेवली, मग त्याच्या तळाच्या लोखंडी चकतीला, मग शाळेच्या अंगणाला. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बाकीची टीम घाईघाईने आपापल्या बॅगा उचकायला लागली. शेवटी शाळेच्या पीटीच्या बाईंनी खोक्याचा एक पुठ्ठा आणला, त्याच्या घड्या घातल्या आणि चकतीखाली सरकवला. खांब उभा राहिला. त्याच्या टोकाला आमची पिवळी टोपली, वरून उघडी, खालूनही उघडी, मागे फळी नाही की जाळी नाही. अंगणातल्या पोरांनी माना वर करून तिच्याकडे पाहिलं आणि माना तशाच ठेवल्या.

दौऱ्यावर आणलेल्या दोन खांबांपैकी एकाची चकती विमानतळावरच कुठेतरी राहिली होती. म्हणून दुसऱ्या टोकाला शाळेने आपला व्हॉलीबॉलचा खांब दिला होता. शिक्षकांच्या खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीचं बूड करवतीने कापून ती त्याला तारेने बांधली होती. ही टोपली निळी होती आणि जराशी मान टाकून बसली होती. दादाला ती अजिबात आवडली नाही. मला फार आवडली. कधी न पाहिलेल्या खेळासाठी आपली टोपली कापणारी शाळा मला तोवर भेटली नव्हती.

खेळ म्हणजे कॉर्फबॉल. आमच्या घरात तो दादाने आणला आणि घराची पार वाट लावली. एका संघात चार बाया आणि चार पुरुष. बाईने बाईला अडवायचं, पुरुषाने पुरुषाला. चेंडू हातात आला की चालायचं नाही, आपटत न्यायचा नाही, फक्त दुसऱ्याकडे द्यायचा. समोर कुणी हात उंचावून अडवायला उभं असेल तर टोपलीकडे फेकायचाही नाही, आधी चुकवून मोकळं व्हायचं. म्हणजे एकटा माणूस कितीही शूर असला तरी त्याचं इथे काही चालत नाही. दादाचं म्हणणं असं की लग्नाआधी प्रत्येकाने वर्षभर हा खेळ खेळावा. वहिनीचं म्हणणं असं की तो स्वतः इतकी वर्षं खेळला, त्याला काही फरक पडलेला नाही.

दादा आमचा कोच आणि वहिनी टीममधली खेळाडू. ती माझी मैत्रीण आधी, वहिनी नंतर. मला टीममध्ये सगळे आत्या म्हणतात, कारण दादाचा मुलगा लहानपणी सरावाला यायचा तेव्हा तशी हाक मारायचा, आणि ती चिकटली. चाळिशीला टेकलेल्या बाईला विशीतली पोरं भर मैदानात ‘आत्या, इकडे दे’ म्हणून ओरडतात. समोरच्या संघांना वाटतं, हा आमचा काहीतरी गुप्त डाव आहे.

गुप्त होता तो माझा गुडघा. दौऱ्याच्या दुसऱ्याच सामन्यात उडी मारून उतरताना उजव्या गुडघ्याच्या आत काहीतरी सरकलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी ते फक्त वहिनीला सांगितलं. रोज सकाळी दादा नाश्त्याला खाली गेला की ती माझ्या खोलीत यायची, क्रेप बँडेज घट्ट बांधून द्यायची आणि वरून मी लांब ट्रॅक पँट चढवायचे. एवढ्या उकाड्यात लांब पँट कशाला, असं दादाने एकदा विचारलं. उन्हाने पाय काळे पडतात, असं मी सांगितलं. जन्मात तोंडाला क्रीम न लावलेल्या बहिणीचं हे उत्तर त्याला पटलं. हाच दादा टीमला सांगत असतो की माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

लपवायचं कारण साधं होतं. ह्या शाळेच्या दुसऱ्याच दिवशी दौऱ्यातला शेवटचा सामना होता आणि तो माझाही शेवटचा होता. मी तसं घरातून निघतानाच सांगितलं होतं. दादाचाही शेवटचा सामना मी पाहिला होता. त्याचाही गुडघाच. दुखत असताना खेळला, तेव्हाच्या कोचने खेळू दिलं, मध्येच कोसळला आणि चौघांनी उचलून त्याला बाहेर नेलं. आपला शेवटचा सामना चालू आहे हे त्याला माहीतही नव्हतं. आज तो जिना एकेक पायरी करत, कठडा धरून उतरतो. तेव्हापासून त्याचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणाचं काही दुखलं की तो बाहेर. रडा, भांडा, पाया पडा, उपयोग नाही. बहीण म्हणून सवलत तर नाहीच, उलट चार बोल जास्त.

आणि मला माझा शेवटचा सामना शेवटचा म्हणून खेळायचा होता. शेवटची शिट्टी ऐकायची होती आणि आपल्या पायांनी चालत मैदानाबाहेर यायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. त्यानंतर गुडघ्याचं लाकूड झालं असतं तरी मी तक्रार केली नसती. वहिनी बँडेज बांधताना म्हणाली होती, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी म्हटलं, परवापर्यंत राहिलं तरी पुरे.

अंगणाच्या तीन बाजूंना वर्ग होते आणि चौथ्या बाजूला सायकली. घंटा झाल्याबरोबर बाकीची मुलंही बाहेर आली आणि आपोआप दोन भागांत बसली, मुलगे सायकलींच्या बाजूला आणि मुली नळाच्या बाजूला. मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून मोठ्या वर्गांची तोंडं दिसत होती. आमची भाषा त्यांना येत नव्हती आणि त्यांची आम्हाला. पीटीच्या बाईंना आणि दादाला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, पण दोघांचं वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं होतं. थोडी खटपट करून दादाने नाद सोडला आणि सरळ मराठीत शिकवायला लागला. फक्त आवाज वाढवला, म्हणजे भाषा समजते असं त्याला वाटतं.

आणि मुलांना समजलं. ती त्याचं ऐकतच नव्हती, बघत होती. मी इतकी वर्षं शाळांत, शिबिरांत हा खेळ शिकवत आले आहे, पण असं बघणं पाहिलं नव्हतं. आपल्याकडची मुलं अर्धं ऐकतात, अर्धं बोलतात आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्याला चिमटे काढतात. आपली मुलं म्हणून मला ती प्रियच आहेत. पण ही मुलं डोळ्यांनी माणूस पिऊन टाकत होती. दादाने चेंडू हातात घेतला आणि पाय रोवून दाखवला, तसे सगळ्यांनी पाय रोवले. त्याने हात उंचावून अडवून दाखवलं, तसे शंभरेक हात वर गेले. मग दादाची पँट पोटावरून घसरली म्हणून त्याने ती वर ओढली, तर पहिल्या रांगेने आपापल्या चड्ड्या वर ओढल्या. आम्ही पोट धरून हसलो. दादासुद्धा हसला. मी सगळ्यांत जास्त हसले, आणि त्यातून काही शिकायला हवं होतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मुलगे आणि मुली एकत्र उभे करायचे होते, तिथे जरा घोळ झाला. चार मुली, चार मुलगे असे गट पाडले तर गटातही ते दोन टोकांना उभे. चेंडू मुलींमध्येच फिरायचा नाहीतर मुलग्यांमध्येच. मग दादाने काही न बोलता प्रत्येक मुलीसमोर अडवायला मुलगी उभी केली आणि मुलग्यासमोर मुलगा. आता चेंडू जायला वाट फक्त तिरकी उरली. एका मुलीने जरा विचार केला आणि चेंडू तिरका टाकला. समोरच्या मुलग्याने तो झेलला, आणि झेलल्यावर त्यालाच नवल वाटल्यासारखा तो चेंडूकडे बघत राहिला. मग दुसरा तिरका, तिसरा तिरका. थोड्या वेळाने चेंडू अंगणभर असा फिरायला लागला की जणू त्याला थांबायला कुणी सांगितलंच नसावं. एक जण चेंडू घेऊन पळत सुटला तर त्याच्याच गटातल्या पोरींनी त्याला शर्टाला धरून उभा केला. पीटीच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. त्या रोज ह्याच पोरांना शिकवतात, तरी त्यांनाही हे नवीन असावं.

ती चेंडू तिरका टाकणारी मुलगी म्हणजे दोन घट्ट वेण्या, पुढच्या दातांत फट आणि कपाळावर सतत आठी. मी मनात तिचं नाव वेणी ठेवलं.

मग दादाने मला हाक मारली आणि फेक दाखवायला सांगितलं. फेक हा माझा प्रांत. उडी, पळणं, अडवणं ह्यात टीममध्ये माझ्याहून चांगले सगळेच आहेत, पण टोपली माझं ऐकते. मुलांसाठी खांब खाली सरकवला होता, त्यामुळे मी जरा मागे उभी राहिले. चेंडू छातीशी घेतला, ओठ मिटले, गुडघे वाकवले आणि ढकलला. चेंडू गेला, मी उतरले. तीनदा दाखवलं आणि तिन्ही वेळा चेंडू टोपलीच्या कडेलाही न लागता खाली पडला. पोरांच्या तोंडून एक लांब श्वास निघाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रांग लागली. दादा आणि बाकीची टीम निळ्या टोपलीकडे दुसरा गट घेऊन गेले. माझ्याकडे पहिला आला तो एक गोल गुबगुबीत मुलगा. त्याने ओठ मिटले, चेंडू ढकलला. चेंडू टोपलीपर्यंत पोचला नाही. मुलगा डाव्या पायावर उतरला, एक छोटी उडी मारून वळला, उजव्या पायाचा अंगठा जमिनीला जेमतेम टेकवला आणि एक हात कमरेवर ठेवला. मला वाटलं, नखरेल आहे. दुसरी मुलगी आली. डावा पाय, छोटी उडी, अंगठा, कमरेवर हात. तिसरा आला, त्याचंही तेच. मी हसायला लागले आणि हसता हसता स्वतःच्या कमरेवरचा हात काढून घेतला.

ते माझं होतं. सामन्यामागून सामने मी असंच उतरत होते. भार डाव्यावर घ्यायचा, उजव्याला हवेतच फिरवायचं, आणि कुणाला दिसू नये म्हणून हात कमरेवर ठेवून जरा ऐटीत उभं राहायचं. टीमला ती माझी नवी लकब वाटत होती. एका पोराने तर छान दिसतं म्हणून तिचं कौतुकही केलं होतं. दादाने ती इतक्या वेळा पाहिली होती, समोरच्या संघांनी पाहिली होती, पंचांनी पाहिली होती. कुणालाही ती लंगडणं म्हणून दिसली नाही. ह्या मुलांनाही लंगडणं दिसलं नव्हतं. त्यांना फक्त मी दिसले होते, जशी होते तशी, एक कणही न गाळता.

दादाचं तिकडून लक्ष गेलं. त्याने हसत हसत ओरडून विचारलं की तुला फेक शिकवायला सांगितली, तू पोरांना लंगडी काय शिकवत बसलीस. मी म्हटलं, पोरं आहेत, मस्ती करतात. त्याला ते पटलं आणि तो पुन्हा निळ्या टोपलीकडे वळला. माझा जीव भांड्यात पडला. वहिनी मात्र चेंडू आणायच्या निमित्ताने माझ्याजवळून गेली आणि पुटपुटली की बघ, तांबडं फुटलं.

मी आपल्या परीने दुरुस्ती करायला गेले. रांग थांबवली. दोन बोटं वर केली, मग दोन्ही पाय एकेक करून हाताने थोपटले. दोन. दोन्ही पाय. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. पुढची मुलगी आली, तिने दोन बोटं वर केली, दोन्ही पाय थोपटले, चेंडू फेकला आणि डाव्या पायावर उतरून, छोटी उडी मारून, हात कमरेवर ठेवला. तिच्यामागच्या प्रत्येकाने तेच केलं. माझ्या दुरुस्तीची खेळात नवी भर पडली होती. मग म्हटलं, करूनच दाखवावं. दात आवळले आणि ठरवून दोन्ही पायांवर उतरायला गेले. पण गुडघा माझं कुठे ऐकतोय. जमीन जवळ आली तशी डाव्याने सगळा भार ओढून घेतला आणि मी पुन्हा तश्शीच उतरले. पोरांनी ते नीट बघून घेतलं.

तेवढ्यात रांगेतली एक लहानखुरी मुलगी चेंडू फेकून सरळ दोन्ही पायांवर उतरली, कारण कुठलंही धड मूल तसंच उतरतं. वेणीला ते खपलं नाही. आठी घालून ती पुढे आली, तिने त्या मुलीला पुन्हा उभं केलं, खाली बसून तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि अंगठा तेवढा जमिनीला टेकवला. मग मागे सरकून बघितलं. समाधान झालं नाही म्हणून पाय अजून जरासा उचलला. आणि वळून माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे ना, अशा अर्थाने.

वेणीने स्वतःचा चेंडू घेतला. ओठ मिटले, गुडघे वाकवले, आणि तो चेंडू सुंदर गेला, टोपलीत पडला. उतरताना तिचा डावा गुडघा आत वळला. ती डगमगली, सावरली, हात कमरेवर ठेवला आणि दातांतली फट दाखवून हसली. अंगणात मुलांपैकी कुणाची तरी पहिली टोपली झाली होती. मुलं नाचत होती, वरच्या खिडक्यांतून टाळ्या पडत होत्या, आणि मला उन्हात थंडी वाजत होती. मी उद्या बसमध्ये बसून निघून जाणार. ही मुलगी इथे राहणार. टोपली इथे राहणार, कारण पिवळी टोपली आम्ही शाळेला भेट देणार होतो. आणि ही रोज, मन लावून, एका पायावर उतरत राहणार. दुसऱ्यांचे पाय उचलून उचलून त्यांनाही उतरवणार. कुणी तिला विचारलं तर ती माझ्याकडे बोट दाखवणार.

दादाला कळलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर उद्याचा सामना माझा होता. हे मला स्वच्छ दिसत होतं आणि राग येत होता, गुडघ्याचा, दादाचा, सगळ्यांत जास्त त्या वेणीवालीचा. इतकं नीट बघायला तिला सांगितलं कुणी होतं?

मी दादाला हाक मारली. तो आला, त्याच्या चालीने, एक पाय जरा जास्त सांभाळत.

“दादा, ही मस्ती नाहीये,” मी म्हटलं. “माझा गुडघा गेलाय. ती माझं बघून करतायत.”

मी तिथेच अंगणात खाली बसले, पँट वर सरकवली आणि बँडेज सोडलं. गुडघा सुजून त्याचा आकार गेला होता आणि कडेने निळसर पडला होता. उघड्या उजेडात तो मीही पहिल्यांदाच पाहत होते. दादा वाकून बघत राहिला. तो भांडेल, ओरडेल म्हणून मी मान खाली घातली होती. त्याने एवढंच विचारलं, कधीपासून. दुसऱ्या सामन्यापासून, मी सांगितलं. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी निळ्या टोपलीचं फार बारकाईने निरीक्षण करत होती.

रांग मोडली होती आणि मुलं भोवती जमली होती. वेणी माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने माझा गुडघा पाहिला, मग स्वतःचा पाहिला. मी गुडघ्याला बोट लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं, म्हणजे दुखतं. मग बसल्या बसल्या हाताने ती छोटी उडी करून दाखवली आणि पुन्हा गुडघ्याकडे बोट केलं. ह्याच्यामुळे ती. मग वेणीच्या गुडघ्याला हात लावला आणि मान हलवली. तुझं नाही. पीटीच्या बाईंना आधी कळलं. त्या त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलल्या, हळू आवाजात, आणि ते वाक्य मुलांमधून मागे मागे सरकत सायकलींपर्यंत गेलं.

वहिनीने चेंडू उचलला. तिने फेकला आणि धप्पकन दोन्ही पायांवर उतरली. मुलांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी शहाणी बाई समोर धडधाकट उतरून दाखवत होती, तरी मुलं मला विचारत होती. मी मान डोलावली.

मग काय झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. सांगितलं नव्हतं कुणी, चेंडूही नव्हते हातात. आधी वेणीने उडी मारली, तिच्या शेजारच्यांनी मारली आणि दुसऱ्या उडीला सगळं अंगण एकदम वर गेलं आणि एकदम दोन्ही पायांवर खाली आलं. जमिनीतून तो दणका माझ्या मांड्यांपर्यंत आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मुलगे आणि मुली आता कुठे कोण ते समजत नव्हतं. त्या मध्यभागी मी एक फुगलेला गुडघा घेऊन बसले होते आणि माझ्या अंगावर काटा उभा होता. देवळात गेल्यावर जे व्हायला हवं आणि माझं सहसा होत नाही, ते तिथे झालं. दणका थांबल्यावर वेणी त्या लहानखुऱ्या मुलीकडे गेली, खाली बसली आणि मघाशी स्वतः उचललेला तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी जमिनीवर नीट दाबून ठेवला.

बसमध्ये दादा माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला की उद्या तू बाकावर. मी म्हटलं, ठाऊक आहे. वहिनीशी तो बोललाच नाही, त्यामुळे ती मागच्या सीटवर मजेत झोपली. उतरायच्या आधी त्याने विचारलं:

“पोरांना अर्ध्या तासात दिसलं. मला का नाही दिसलं गं?”

त्याचं तोंड इतकं उतरलेलं होतं की तयार ठेवलेली दोन उत्तरं मी गिळून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी चड्डी घातली, बँडेज सगळ्यांना दिसेल असं बांधलं आणि बाकावर जाऊन बसले. पीटीच्या बाई मुलांना घेऊन सामना बघायला आल्या होत्या. मुलं समोरच्या पायऱ्यांवर बसली होती, मुलगे मुली एकमेकांत मिसळून, आणि बघत होती. सामना आम्ही जिंकलो. शेवटची टोपली वहिनीने केली. मी उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले, आणि आपल्याशिवाय जिंकल्याचा राग ज्याला आला नसेल त्याने मला हसावं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ध्यानात आलं की माझाही शेवटचा सामना दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला, मला न कळता, दादासारखाच. मग मी रडले. लपवायचं आता काहीच उरलं नव्हतं, म्हणून लंगडत लंगडत सगळ्यांशी हात मिळवले आणि रडत राहिले.

सामना संपल्यावर मुलांना मैदानात सोडलं. खऱ्या उंचीचा खांब त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. वेणीने आपला नंबर येईपर्यंत सगळ्यांना नीट रांगेत उभं केलं. तिचा नंबर आला. तिने ओठ मिटले, चेंडू ढकलला आणि दोन्ही पायांवर उतरली, घट्ट, सरळ. चेंडू टोपलीच्या कडेला लागून बाहेर पडला. ती आठी घालून त्याच्यामागे पळाली.

दादा माझ्या शेजारी उभा होता. मी डोळे पुसत म्हटलं की पाय सुधारले, पण ओठ राहिलेच. कळ दाबायला मी ओठ मिटत होते, तेही तिने उचललंय, बाईंना सांगायला हवं.

“ते दुखण्याचे नाहीत,” दादा म्हणाला. “तू आठ वर्षांची होतीस. कपाटावर बादली ठेवून तिच्यात चेंडू टाकायचीस. तेव्हापासून तू असेच ओठ मिटतेस.”

मला हे माहीत नव्हतं. स्वतःचे ओठ कुणाला दिसतात? मी त्याला विचारलं की तेव्हा तू बघायचास का. दादा म्हणाला, मग दुसरं काय करत होतो मी. आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागला.

वेणी चेंडू घेऊन परत आली होती. रांगेतल्या कुणीतरी तिला तुझा नंबर झाला असं सांगितलं असावं, पण तिने ऐकलं नाही. ती खांबापासून जरा मागे सरकली, चेंडू छातीशी धरला आणि ओठ मिटले.